शिवदासनं जोडलेला रेडिओ

विकतचा रेडिओ ऐकणाऱ्या माणसांची शिवदासला कीव येई. "पैसं टाकलं की रेडिओ कुनालाबी भेटतो," तो म्हणे. "लुगडं घ्यावं तसा. रेडिओ जोडाया डोकं लागतं."

आगरदांड्याच्या धक्क्याच्या थोडं अलीकडे, खाडीच्या काठाला त्याचा कोळीवाडा होता. वाड्यात तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता, आणि डोकं, शिवदासच्या मते, एकाच घरात होतं. ते त्याने कुठे कमावलं हेही तो न विचारता सांगे. तरुणपणी तो एका मालवाहू बोटीवर भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, हाताखाली कामाला होता. बोटीवर बिनतारी यंत्राची एक खोली होती. तिथल्या साहेबाला चहा नेऊन देणं आणि रिकामा कप उचलून आणणं ही शिवदासची कामगिरी. कप ठेवणं आणि कप उचलणं यांच्यामध्ये जेवढं बिनतारी शास्त्र शिकून होतं तेवढं तो शिकला, आणि बाप वारल्यावर होडी चालवायला गावी परत आला.

तेव्हापासून वाड्यातली कुणाचीही विजेरी बिघडली की शिवदासला बोलावणं जाई. तो विजेरी उघडे, आतले सेल काढून फुंके, उलटेसुलटे घाले आणि सेल मेले असं जाहीर करी. सेल खरोखरच मेलेले असत. निदान त्याचा हात लागल्यावर तरी असतच. त्याची बायको कोकिळा हे सगळं दारातून बघे. नवरा मासे चांगले मारतो, दारू पीत नाही, तर एवढं वेड देवाने ठेवायचंच, असा तिने मनाशी हिशेब मांडला होता.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी शिवदासची आई, काशी, रेडिओवर येणार असं ठरलं.

काशी ही त्या भागातली धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. तिने तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाही आणि नवरी उंबरा ओलांडत नाही. खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या किती पोरींची लग्नं तिने लावली त्याची गणतीच नव्हती. मुंबईहून रेडिओची माणसं लग्नातली गाणी टिपायला अलिबागला आली, तेव्हा आसपासच्या बाया गेल्या, त्यांत काशीही गेली. मशीनसमोर बसून तिने धवला म्हटला. माणसं घाईत होती. त्यांनी "छान, छान" म्हटलं, कार्यक्रम कोणत्या गुरुवारी संध्याकाळी लागेल ते सांगितलं आणि सामान आवरलं. काशीला मात्र तिचा आवाज काही परत ऐकवला नाही.

आणि तिला तेवढंच हवं होतं. त्यामागे एक जुनं दुखणं होतं. तिचा नवरा येसाजी, शिवदासचा बाप, जन्मभर तिला एकच म्हणत आला. "काशे, तू गातीस का शीड चढवतीस? तेल न्हाय घातलं तर कप्पी अशीच करकरते." लोक काशीच्या गाण्यावर डोळे पुसत आणि येसाजी कप्पीला तेल पाहिजे म्हणे. आता तो वारला होता, पण म्हणणं मागे राहिलं होतं. लोक खरे की नवरा खरा? स्वतःचा गळा स्वतःला कसा कळणार? तो बाहेरून ऐकायला पाहिजे. रेडिओवर एकदाच काय तो निकाल लागेल, असं तिने कोकिळेला चुलीपुढे हळूच सांगितलं होतं.

काशीच्या बहिणीचा मुलगा अनंता याचं धक्क्यावर दुकान होतं. सुतळी, घासलेट, बिस्किटं आणि गोड बोलणं, असा त्याचा माल. त्याने अलिबागहून चकचकीत लाकडी पेटीचा, बॅटरीवर चालणारा तयार रेडिओ आणला होता. तो मुद्दाम सांगायला आला. "मावशे, गुरवारी माज्याकडं ये. खुर्ची टाकून ठेवतो."

काशीचा चेहरा उजळला. शिवदासचा काळवंडला.

"माजी आय रेडिओवर येनार आनि ती दुकानात बसून ऐकनार? घासलेटाच्या डब्यांमदी?" तो म्हणाला. "त्या पेटीत आवाज कोंडतो, अनंता. तुला न्हाय कळायचं. मी जोडतो रेडिओ. निस्ता रेडिओ न्हाय, दोन स्पीकर. एक घरात, एक भायेर खळ्याकडं. समदा वाडा ऐकंल."

"अरं, पन जमलं न्हाय तर?" काशी म्हणाली.

"आये, मी कवा चुकलोय?"

काशीने लेकाकडे पाहिलं. आईच्या नजरेला लेकाच्या चुका दिसत नाहीत, आणि शिवदासने तर त्या कबूल करून कधी दाखवल्याही नव्हत्या. तिने अनंताला खुर्ची नको म्हणून सांगितलं.

शिवदास मुंबईला गेला आणि जुन्या बाजारातून गोणीभर सामान घेऊन आला. एका मोडक्या रेडिओचा सांगाडा, त्यात बसवायचे काचेचे दिवे, विटेएवढी कोरडी बॅटरी, दोन स्पीकर आणि तांब्याच्या तारेचं मोठं भेंडोळं. विकणाऱ्याने त्याला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या होत्या. स्पीकरला लाकडी खोकं करा, आणि बॅटरी जपून वापरा. शिवदासने दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. ज्याने दुकान थाटलंय त्याला आपल्याइतकं कळत असतं तर तो दुकानात कशाला बसला असता?

त्याने आपलं डोकं चालवलं. विहिरीत हाक मारली की घुमते, तर मग आवाज घुमायला विहिरीसारखं काहीतरी पाहिजे. म्हणून घरातला स्पीकर पाण्याच्या रांजणाच्या तोंडावर उपडा बसला. कोकिळेला रांजण रिकामा करायला लागला आणि घरातलं पाणी कळशांत गेलं. बाहेरच्या स्पीकरसाठी त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापला. पत्रा कसा खणखणतो, आवाजही तसाच खणखणीत येईल, हे त्याचं शास्त्र.

रेडिओला एक तार जमिनीत पुरावी लागते आणि तिथली माती ओली ठेवावी लागते, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. ते काम त्याने कोकिळेवर टाकलं. ती रोज मासे धुतलेलं पाणी तिथे ओती. पुढे काय काय झालं ते बघता, त्या सगळ्या जोडकामात व्यवस्थित केलेली गोष्ट ती एकच.

राहिली दुसरी तार, एरियलची. ती उंच, लांब आणि मोकळी पाहिजे. घरासमोर खळं होतं, म्हणजे मासळी सुकवण्याचं आवार. तिथे बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात. आयते बांबू दिसत असताना दुसरीकडे जाण्याइतका शिवदास खुळा नव्हता. त्याने दोन उंच बांबूंवर, बाकीच्या दोऱ्यांच्या हातभर वर, तांब्याची तार ताणून बसवली. मग खळ्यावर उभं राहून त्याने सगळ्यांना दम भरला. "ह्या तारेला कुनी हात लावायचा न्हाय."

"का? चावतीय?" शेजारच्या रंगूने विचारलं. रंगूच्या मुलीचं, रतनचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि ती आनंदात होती.

"तुला सांगून कळनार हाय का?" शिवदास म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर रेडिओ लागला. देवाच्या राज्यात असाही अन्याय होतो. खरखर झाली, शिट्टी वाजली आणि मग कुणीतरी बाई सिनेमातलं गाणं म्हणू लागली. रांजणातून ती हुंदके दिल्यासारखी ऐकू येई आणि डब्यातून मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखी, पण गाणं होतं यात शंका नाही. शिवदास कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला रेडिओ ऐकवण्याचा त्याने सपाटा लावला. सकाळी भजनं, दुपारी बाजारभाव, संध्याकाळी कुस्त्यांच्या बातम्या. ज्यांना कापसाच्या भावाशी काडीचं देणं-घेणं नव्हतं त्या कोळ्यांना त्याने कापसाचा भाव ऐकवला.

"गुरवारपातूर बॅटरी पुरंल न्हवं?" कोकिळेने एकदा विचारलं.

"बॅटरी म्हंजे काय पान्याची कळशी हाय, संपाया?" शिवदास म्हणाला.

गुरुवार उजाडला. दुपारी शिवदास धुतलेला सदरा घालून घरोघर बोलावणं करायला निघाला. बोलावणं एका वाक्याचं, पण प्रत्येक घरी तो रेडिओ कसा जोडला तेही सांगत बसला, आणि तेवढ्यात भरती आली. होड्या काठाला लागल्या. शिवदासच्या होडीवरचा मोरू पाट्यांवर पाट्या उतरवू लागला. हंगामात आला नव्हता एवढा बोंबील त्या दिवशी आला.

आता हे समजून घ्यायला पाहिजे. बोंबील म्हणजे सगळा पाण्याचाच मासा. तो ताबडतोब वाळत पडला नाही तर संध्याकाळपर्यंत त्याचा चिखल होतो. म्हणून खळ्यावरचा कायदा साधा आहे. मासळी आली की रिकामी दोरी ज्याच्या हाती लागेल त्याची. मालक कोण ते मागाहून बघायचं, मूठभर सुकट त्याला दिली की मिटलं. बाया भराभर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवत होत्या आणि जोड्या दोऱ्यांवर टाकत होत्या. सगळ्या दोऱ्या भरल्या. मोरू अजून पाट्या आणतच होता.

शिवदास परतला तेव्हा सूर्य कलला होता आणि माणसं जमू लागली होती. म्हातारे ओटीवर, बाया आत रांजणाभोवती, बाकीचे बाहेर डब्यासमोर. काशी नवं लुगडं नेसून रांजणाला टेकून बसली होती. शिवदासने खळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खळं बघायला कोण आलं होतं? त्याने घसा साफ केला.

"मंडळी, आता जो आवाज येनार हाय तो इथून न्हाय, मुंबईहून येनार हाय. मधी तार न्हाय. अनंताच्या दुकानात हाच आवाज पेटीतून येईल. आपल्याकडं तो मोकळा येईल." आणि त्याने बटण फिरवलं.

आवाज आला नाही. मोकळा नाही आणि कोंडलेलाही नाही. बारीक सुं-सुं झाली, डाळ शिजायच्या आधी होते तशी.

"काशीबाय लयच हळू गातीया," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

शिवदासने बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग त्याने दोष वाटायला सुरुवात केली. पहिला दोष मातीला. "माती कोरडी झालीय, पानी आना." माणसांनी कळशा आणल्या, अंगणात ओतल्या, ओटीपर्यंत चिखल झाला. कोकिळा म्हणाली, "आवो, सकाळीच वतलंय म्यां." तिला कोण विचारतो? मग दोष गर्दीत उभ्या असलेल्या काळूरामच्या छत्रीला. तिच्या लोखंडी काड्या आवाज ओढून घेतात म्हणे. काळूरामने छत्री नेऊन खाडीकाठी ठेवली आणि तो स्वतःही दूर उभा राहिला. मग दोष गर्दीला, बायांच्या बांगड्यांना, रांजणाजवळ बसलेल्या रंगूला. "तू जाड हायेस, आवाज आडतो," तो म्हणाला. रंगू उठली, पण जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कार्यक्रम सुरू होऊन गेला असणार हे सगळ्यांना कळत होतं. काशीने नुसता रांजणाला कान लावला होता, आणि ते बघून कोकिळेला राहवेना. ती बाहेर गेली, तारेमागोमाग मान वळवत खळ्यापर्यंत पोहोचली आणि थांबली.

"आवो," तिने हाक मारली. "ती तुमची तार कुठशी हाय?"

"वर बग, वर. उंच हाय."

"वर न्हायच. बोंबील हायेत."

शिवदास धावत बाहेर आला. तांब्याची तार या बांबूपासून त्या बांबूपर्यंत बोंबलांनी लगडली होती. ओल्या, जड, पाणी ठिबकणाऱ्या जोड्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या. त्यांच्या भाराने तार झोळीसारखी खाली आली होती आणि खालच्या दोऱ्यांवर आडवी पडली होती. मुंबईहून निघालेला आवाज इथवर येऊन बोंबलांत शिरत होता.

"कुनी घातलं हे?" शिवदास ओरडला. "मी सांगितलं हुतं हात लावू नका म्हून. कुनाचे हायेत हे बोंबील?"

"तुजेच," मोरू म्हणाला. "तुज्याच होडीचे."

"घातलं कुनी?"

काशी दारात आली होती. "म्यां घातलं," ती म्हणाली. "समद्या दोऱ्या भरल्या. येवढा माल सडू द्यायचा? आनि तारेला हात न्हाय लावला म्यां. बोंबील निस्तं वरून टाकलं."

तिच्यावर ओरडण्याची सोय नव्हती. शिवदास बोंबलांवर तुटून पडला. त्याच्यामागे मोरू, काळूराम, रंगू, ओटीवरचे म्हातारे, सगळेच धावले. धुतलेला सदरा बोंबलांच्या पाण्याने भिजला. तार जसजशी हलकी होऊन वर उठू लागली तसतशी डब्यातली सुं-सुं वाढली, खरखर झाली, आणि एकाएकी काशी गाऊ लागली.

गाऊ लागली म्हणायचं. बॅटरी कापसाच्या भावात संपलेली. तिच्यातल्या उरल्यासुरल्या जिवावर पत्र्याच्या डब्यातून काहीतरी किरकिरत होतं आणि रांजणातून काहीतरी कण्हत होतं. शब्द ओळखीचे होते. हळदीचा धवला होता. आवाज मात्र हुबेहूब शीड चढवताना करकरणाऱ्या कप्पीचा. दोन ओळी झाल्या, निवेदकाने नाव घेतलं, तेही किरकिरतच, आणि बॅटरीने मान टाकली.

खळ्यावर सगळे बोंबील हातात धरून उभे होते.

काशी दारातच होती. तिने पदर सारखा केला. "म्हंजे म्हातारा खोटं न्हवता बोलत," ती म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

थोड्या वेळात अनंता धक्क्यावरून धापा टाकत आला. हातात खडीसाखर होती. "मावशे, काय गायलीस गं तू. दुकानात मानसं उभी हुती, एक बोलंना. तो पल्याडच्या दिघीचा म्हातारा तर रडला."

काशीने खडीसाखर घेतली आणि बाजूला ठेवली. "तू दुकानदार हायेस, पोरा. गोड बोलनं तुजा धंदाच. म्यां माज्या कानानं आयकलं. माज्या लेकानं जोडलेल्या रेडिओवर आयकलं." मग ती रंगूकडे वळली. "रंगू, रतनच्या लग्नाला दुसरी धवलारीण बग. मी न्हाय गानार आता. लोक इतकी वर्सं भिडेखातर ऐकत हुती."

रंगूच्या हातातला बोंबील गळून पडला. लग्न तोंडावर आलेलं, दुसरी धवलारीण कुठून आणायची? आणि पोरीने लहानपणापासून ठरवलेलं, हळद काशीआजीच्या गाण्यावरच. "आगं, तो रेडिओ वंगाळ हुता," ती म्हणाली.

"रेडिओ कसा वंगाळ आसंल?" काशी म्हणाली. "शिवदासनं जोडलाय. तो कवा चुकतो?"

आता सगळा वाडा शिवदासकडे बघू लागला. बघण्यासारखं होतंच. सदऱ्याला चिकटा, केसांत बोंबलाचं शेपूट, आणि चेहरा असा की एरंडेल तोंडात घेतलंय आणि गिळायचं बाकी आहे. जन्मात त्याने जे केलं नव्हतं ते करायची वेळ आली होती. आईचा गळा वाईट, नाहीतर आपला रेडिओ वाईट. तिसरी वाट त्याने शोधून पाहिली.

"हवा बरोबर न्हवती," तो म्हणाला.

"अनंताकडं दुसरी हवा हुती?" कोकिळेने विचारलं.

"बॅटरी... बॅटरी जरा उतरली हुती."

"कुनी उतरवली?"

शिवदासने खाली बघितलं. "म्यां."

"आनि रांजन?"

"रांजन नगं हुता."

"आनि डबा?"

"डबाबी नगं हुता." तो आईपुढे उकिडवा बसला. "आये, खरं सांगतो. त्या बाजारवाल्यानं समदं सांगितलं हुतं, म्यां आयकलं न्हाय. तार खळ्यावर बांधाया नगं हुती, तीबी माजीच चूक. कुनीबी आज ह्या रेडिओवर गायलं आसतं तर कप्पीच वाजली आसती. मला रेडिओ जोडता येत न्हाय. बोटीवर म्यां निस्ता च्या देत हुतो."

काशी त्याच्याकडे बघत राहिली. अनंताचं तिने मानलं नव्हतं, रंगूचं मानलं नव्हतं. पण जो माणूस मेलेला सेलही आपल्या हाताने मेला असं कधी म्हणाला नाही, तो आज चार माणसांत हे म्हणतोय, म्हणजे ते खरंच असणार. खोटं बोलण्यासाठी एवढा त्रास कोण घेईल?

तिने खडीसाखरेचा खडा उचलून तोंडात टाकला. "मंग येसाजीच खोटा," ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की ती रडायलाच लागली.

कोकिळेने नवऱ्याच्या केसांतलं शेपूट काढलं. "मुंबईची मानसं नगं तिथं मशीन घेऊन जातात," ती म्हणाली. "आज हितं पायजे हुती. ह्ये पुन्यांदा कुटं आयकाया भेटनार?"

रतनच्या हळदीला काशी गायली. मांडवातल्या बाया रडल्या, रंगू तर सगळ्यांच्या आधी. रांजण पुन्हा पाण्याने भरला आणि डबा कोंबड्यांच्या दाण्याला गेला. तांब्याची तार मात्र खळ्यावरच राहिली. काथ्याच्या दोरीसारखी ती कुजत नाही, आणि उंचावर असल्यामुळे तिथे कुत्री पोहोचत नाहीत. तिच्यावरचे बोंबील वाड्यात सगळ्यांत आधी वाळतात.

कुणी पाहुणा आला आणि त्या तारेकडे बघून त्याने विचारलं, तर शिवदास कमरेवर हात ठेवतो. "मुंबईहून मुद्दाम आनली," तो सांगतो. "दोरीवर कुनीबी सुकवतो. तारंवर सुकवाया डोकं लागतं."